आठवड्याचं टेंडर

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या उत्तरेला, डॅनव्हर्स नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर १८७८ साली सुरू झालेलं सरकारी मनोरुग्णालय १९९२ मध्ये बंद पडलं. लाल विटांची ती अवाढव्य इमारत पुढे नुसतीच पडून राहिली. त्या पडक्या इमारतीत जाऊन ब्रॅड अँडरसनने ‘सेशन नाईन’ हा सिनेमा केला. २००१ च्या ऑगस्टमध्ये तो आला, तेव्हा फारसा चालला नाही. नंतर घरी बसून पाहणाऱ्यांनी तो उचलून धरला.

गोष्ट साधी आहे. इमारतीतलं अॅस्बेस्टॉस काढायचं काम गॉर्डन नावाच्या ठेकेदाराने घेतलंय. सोबत फिल, माइक, हँक आणि गॉर्डनचा भाचा जेफ. काम चालू असताना माइकला एका जुन्या रुग्ण बाईच्या, मेरी हॉब्सच्या, नऊ मुलाखतींच्या टेपा सापडतात. तो त्या एकेक करून ऐकतो. इकडे माणसं बिघडत जातात, मरत जातात, आणि शेवटी कळतं की गॉर्डन काम सुरू झालं तेव्हाच घरी बायकोला आणि तान्ह्या मुलीला मारून आलेला होता. शेवट सांगितल्याशिवाय या सिनेमावर बोलताच येत नाही, त्याला इलाज नाही.

आमच्या घरात यावरून दोन तट पडले. माझी बायको मनोरुग्णालयात परिचारिका होती, आता निवृत्त आहे. धाकटा भाऊ सिनेमांचं साउंडचं काम करतो. ती त्याला भाऊजी म्हणते, तो तिला वहिनी. माझं काम उतरवून घेण्याचं आणि मधूनमधून नाक खुपसण्याचं.

भाऊजी: वहिनी, एवढं तरी मान्य करा. अंधार, किंकाळ्या, मागून खांद्यावर पडणारा हात, असलं फारसं काही न करता हा सिनेमा घाबरवतो. बराचसा तर दिवसाउजेडी घडतो. खिडक्यांतून ऊन येतंय, माणसं डबे उघडून जेवतायत, आणि तरी अंगावर काटा येतो.

वहिनी: घाबरले ना मी. तुम्ही घाबरलात तिथे नाही, एवढंच. मी घाबरले ते टेंडरच्या वेळी.

भाऊजी: टेंडरच्या?

वहिनी: मग! तो गॉर्डन इमारत फिरून बघतो. काम केवढं आहे ते त्याला दिसतंय. दोन-तीन आठवडे सहज लागतील. आणि हा म्हणतो, आठवड्यात देतो करून. का, तर काम दुसऱ्याला जाऊ नये. वेळेत संपवलं तर वर दहा हजार डॉलर. मी तेव्हाच यांना म्हटलं, झालं, आता यातला एकही धड घरी जात नाही.

(म्हणाली होती. मला वाटलं, अॅस्बेस्टॉसमुळे म्हणतेय.)

भाऊजी: पण ते गोष्ट सुरू करायचं निमित्त आहे हो. माणसांना घाई असल्याशिवाय ती रात्री-बेरात्री तिथे का थांबतील?

वहिनी: तुम्हाला निमित्त वाटतं, कारण तुम्ही त्या बाजूला उभे राहिला नाहीत. आमच्याकडे सगळं असंच. सगळ्यांत कमी भरलं त्याला काम. छताची गळती कमी दरात काढली, म्हणजे पुढच्या आषाढात बादल्या तयार. जेवण कमी दरात, म्हणजे डाळीत डाळ शोधा. आणि माणसं कमी दरात म्हणजे काय, तर एक सिस्टर, एक मावशी, आणि साठ-सत्तर बायकांचा वॉर्ड रात्रभर. त्या रात्री एखादी बाई बिघडली तर तुम्ही तिच्याशी बोलणार, की इंजेक्शन भरणार? माणूस वाईट नसतो, भाऊजी. त्याला वेळ दिलेला नसतो.

भाऊजी: तुम्ही तर सिनेमाची बाजू मांडताय!

वहिनी: अर्ध्या सिनेमाची. उरलेल्या अर्ध्याशी भांडण आहे, त्यावर येते.

भाऊजी: आधी इमारतीवर बोलू. कारण दिग्दर्शकाला सुचलं ते इमारतीवरून. बॉस्टनकडे जाता-येता टेकडीवर ती दिसायची. सेट लावावा लागला नाही, उखडलेला रंग, गंजलेल्या खाटा, सगळं होतं तिथेच. कॅमेराही तेव्हा नवीन निघालेला डिजिटल, उटा ब्रीसेविट्झ नावाच्या बाईने चालवलेला. फिल्मचा मऊपणा नाही त्याला. ऊन असं कोरडं, सपाट येतं. पहिलीच चौकट आठवा: लांबलचक बोळ, त्यात पट्टे लावलेली खुर्ची, आणि सगळं उलटं. हळूहळू चित्र सरळ होतं. इमारतीत फिरवून आणणारा माणूस सांगतो, वरून पाहिलं तर हे पंख पसरलेलं वटवाघूळ आहे.

वहिनी: तिथेच मला राग आला. वटवाघूळ कसलं? मी तो नकाशा नीट पाहिला. तुम्हीच दाखवलात. मध्ये कचेरी, दोन्ही बाजूंना वॉर्ड, आणि प्रत्येक वॉर्ड आधीच्याहून थोडा मागे सरकवलेला. का? तर प्रत्येकाला दोन्हीकडून उजेड आणि वारा मिळावा. त्या डॉक्टरचं नाव काय?

भाऊजी: कर्कब्राइड. फिलाडेल्फियाचा. १८५४ मध्ये त्याने मनोरुग्णालयं कशी बांधावीत यावर पुस्तकच लिहिलं. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत त्याच पद्धतीने बांधकामं झाली.

वहिनी: त्या काळी वेड्यांना तळघरात, तुरुंगात, गोठ्यात बांधत होते. त्या माणसाने म्हटलं, यांना टेकडीवर ठेवा, मोठ्या खिडक्या द्या, बागेत काम द्या, बरे होतील. आता भाबडं वाटतं. पण सरकारी इमारत बांधताना आधी वाऱ्याचा विचार करणारा माणूस तुम्ही कुठे पाहिलात? आणि त्याच वॉर्डांना सिनेमात पंख म्हणायचं!

भाऊजी: तोच तर घात आहे. कर्कब्राइडच्या मते एका रुग्णालयात अडीचशेच्या वर रुग्ण नकोत. डॅनव्हर्स बांधलं साधारण पाचशेंसाठी. आणि विसाव्या शतकाच्या मध्याकडे येईतो तिथे दोन हजारांच्या वर माणसं कोंबली होती. उजेडासाठी बांधलेल्या बोळांत खाटा लागल्या. तळघरात माणसं राहिली. मग औषधं नाहीत, माणसं नाहीत, म्हणून बांधणं, गार पाण्याच्या चादरी, विजेचे झटके, मेंदूची शस्त्रक्रिया. इमारत झपाटली ती अशी. कुणी भूत आणून सोडलं नाही तिथे.

वहिनी: म्हणजे पुन्हा टेंडरच.

भाऊजी: बरं, टेंडर.

वहिनी: आणि बंद केलं तेही त्याच हिशोबाने, तुम्हीच म्हणालात.

भाऊजी: दोन्ही होतं त्यात. १९५५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. क्लोरप्रोमाझिन नुकतं आलं होतं, तुमच्या वॉर्डातली लारगॅक्टिल. १९६३ मध्ये केनेडींनी कायदा केला की माणसांना त्यांच्या वस्तीजवळ उपचार द्यायचे, मोठी रुग्णालयं हळूहळू रिकामी करायची. रिकामी करण्याचं काम चोख झालं. वस्तीतली केंद्रं मात्र ठरली होती त्यांतली थोडीच उभी राहिली. बरेच जण रस्त्यावर आले, बरेच तुरुंगात गेले.

वहिनी: आमच्याकडे उलटं. बऱ्या झालेल्या बायका वॉर्डात, कारण न्यायला कुणी येत नाही. दाखल करताना दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवा, परत येतं. एकीला मी स्वतः समाजसेविकेबरोबर घरी पोचवायला गेले होते. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आत्ताच तर होते सगळे. जीप गल्लीत वळताना पाहिली असणार. परत आणली तिला. वाटेत तिनेच माझी समजूत काढली. असं कुणी सिनेमात दाखवत नाही, त्यात खून नाही ना.

इथे थोडा वेळ कुणी बोललं नाही असं लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात भावाने लगेच विचारलं की चहा होणार आहे का.

भाऊजी: आता तुमचं भांडण सांगा.

वहिनी: टेपा. तो माइक कोण, तर वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडलेला मुलगा. कामाच्या वेळेत खाली जाऊन एका बाईच्या उपचाराच्या बैठका ऐकतो. एक झाली, दोन झाल्या, जेवणाच्या सुट्टीत तिसरी. एकाही माणसाला वाटत नाही की हे कुणाचे तरी केस पेपर आहेत. बाई मेली. तिच्या थडग्यावर नाव नाही, नंबर आहे. आणि आवाज मात्र मोकाट, कुणीही बटण दाबावं.

भाऊजी: वहिनी, आवाज हा माझा प्रांत आहे, म्हणून सांगतो. त्या टेपांत जी करामत आहे ना, ती दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी ऐकलेली नाही. एकच बाई. आधी मेरी, मग तिच्यातली लहान मुलगी, मग बिली, आणि हे सगळे ज्याला घाबरतात तो सायमन, ज्याला नवव्या टेपेपर्यंत बोलूच देत नाहीत. चित्रात काय दिसतं? फिरणारी रिळं आणि ऐकणाऱ्याचं तोंड. बस्स. बाकी तुम्ही कल्पनेने भरता.

वहिनी: करामत असेलच. पण भरायला काय दिलंय? की एका बाईच्या आत राक्षस बसलेला, तिने भावाला आणि आईवडिलांना मारलं, आणि तो राक्षस तिच्या खोलीत दबा धरून बसला होता, पुढच्या माणसाची वाट पाहत. म्हणजे कित्येक वर्षांनी एका ठेकेदाराने बायको मारली, तर त्याचंही खापर कुणावर? मनोरुग्ण बाईवर. मेल्यावरसुद्धा सुटका नाही तिची.

भाऊजी: नाही, इथे तुम्ही सिनेमा नीट ऐकला नाहीत. पहिल्याच दिवशी, टेप कुणी हातसुद्धा लावायच्या आधी, गॉर्डन त्या खुर्चीकडे बघत उभा असतो आणि त्याला हाक ऐकू येते. नावाने. म्हणजे सायमन टेपेतून बाहेर पडलेला नाही. आणि शेवटी डॉक्टर विचारतो, तू राहतोस कुठे, तर तो जे सांगतो त्याचा अर्थ एवढाच, की जिथे दुबळेपणा असेल, जखम असेल, तिथे. मेरीत राहतो असं म्हणत नाही तो. रुग्णालयात राहतो असंही नाही.

वहिनी: हे तुम्हाला कळलं, कारण तुम्ही पाच वेळा पाहिलाय. एकदा पाहणारा काय घेऊन जातो? वेड्याच्या इस्पितळात भूत होतं.

भाऊजी: एकदा पाहणाऱ्याची जबाबदारी दिग्दर्शकावर टाकली तर मग रोज रात्री बातम्या बघणाऱ्यांचं काय करायचं?

वहिनी: विषय बदलू नका. मी तुम्हाला सांगते, अंगात येणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. आमच्याकडे आणलेल्या कितीतरी बायकांच्या अंगात यायचं. कुणाच्या देवी, कुणाच्या मेलेली सासू, एकीच्या तर नवऱ्याची पहिली बायको. केस मोकळे सोडून घुमायच्या. आवाज बदलायचा. अरे-तुरे करायच्या थोरामोठ्यांना. आणि काय मागायच्या माहितीये? साडी. माहेरी पाठवा. मला मारू नका. देवी झाल्याशिवाय तिचं ऐकतंय कोण घरात! इतक्या वर्षांत कुणाच्या अंगात येऊन कुणी मुडदा पाडलेला मी पाहिला नाही. मार खाल्लेल्या मात्र सगळ्या. रॉकेलने भाजलेल्या, केस उपटलेल्या. मनोरुग्ण मारण्यापेक्षा मार जास्त खातो, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही, ड्रेसिंग करताना दिसायचं.

भाऊजी: हे मान्य. आणि त्या टेपांवर काळाचा शिक्काही आहे. अमेरिकेत सत्तरीपासून नव्वदीपर्यंत एकाच माणसात अनेक माणसं, दडपलेल्या आठवणी, सैतानी पंथ, याची लाटच आली होती. माणसं तुरुंगात गेली त्यापायी, आणि पुढे कळलं की आठवणी बऱ्याचदा विचारणाऱ्यानेच पेरलेल्या. सिनेमात माइक जेवताना असाच एक किस्सा सांगतो. म्हणजे लेखकाला ते ठाऊक होतं. तरीपण सायमनचा आवाज इतका चविष्ट निघाला की हात आवरला नाही त्याचा.

हे त्याने कबूल केलं, बरं झालं. माझंही मत तेच. मेरीच्या टेपा हा सिनेमाचा सगळ्यांत गाजलेला भाग आणि सगळ्यांत उसनाही. गॉर्डन मात्र अस्सल आहे.

वहिनी: गॉर्डनबद्दल काही म्हणणं नाही माझं. त्याचे डोळे पाहिलेत? घरी तान्हं मूल, झोप नाही, धंद्याची ओढाताण, आणि बोलायचं कुणाशी, तर फिलशी. त्याला तो सांगतो, मी बायकोवर हात उचलला. उकळतं पाणी सांडलं तिच्या हातून, माझ्या अंगावर, आणि मी मारलं. आता माणूस एवढं सांगतो म्हणजे किती वर आलंय पाणी! फिलने काय करायला हवं होतं? गाडी काढून घरी जायला हवं होतं, वहिनी कशी आहे बघायला. पण त्याला काळजी कसली, तर आठवड्यात काम होतंय का.

भाऊजी: आणि मग ते फोन. सारखा घरी फोन करतो, माफी मागतो, मला घरी येऊ दे म्हणतो. आपल्याला वाटतं, रुसलीय ती. पलीकडचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येत नाही हे लक्षातच येत नाही. शेवटी दिसतं, फोन तर फुटलेला आहे. वहिनी, साउंडवाल्या माणसाला यापेक्षा मोठं काही करता येत नाही. सगळा सिनेमाभर एक आवाज नाही, आणि तो नाही हे कुणाला कळलं नाही.

वहिनी: ते मला लागलं. खोटं नाही सांगत.

भाऊजी: अॅस्बेस्टॉससुद्धा त्यासाठीच. जेफला नवीन असताना समजावतात, दिसत नाही, वास नाही, छातीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं गप्प राहतं.

वहिनी: वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं. आणि मग एक दिवस फुफ्फुसाच्या आवरणात पाणी. आपल्याकडे त्याला सिमेंटचे पत्रे म्हणतात आणि त्याच्याखाली झोपतात. फुटला की हाताने उचलून टाकतात. तिथे निदान त्यांना अंगभर पांढरे कपडे नि मास्क तरी होते.

भाऊजी: मी एक वेगळा सिनेमा मध्ये आणतो. याच मॅसॅच्युसेट्समधलं ब्रिजवॉटर रुग्णालय, गुन्हेगार ठरलेल्या मनोरुग्णांचं. फ्रेडरिक वाइजमनने तिथे १९६७ मध्ये ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट केला. निवेदन नाही, संगीत नाही, नुसतं जे घडतंय ते. राज्य सरकार कोर्टात गेलं. रुग्णांच्या खाजगीपणाचा भंग होतो म्हणून सर्वसामान्य प्रेक्षकांना तो दाखवायला बंदी आली, आणि ती उठली १९९१ मध्ये. म्हणजे बघा: खरं दाखवलं त्यावर दोन तपांची बंदी, आणि खऱ्या इमारतीत खोटं भूत दाखवलं त्याला कुणी अडवलं नाही.

वहिनी: मी तो पूर्ण पाहू शकले नाही. तो नागडा म्हातारा, त्याची दाढी करतायत, चिडवतायत, खोली का घाण केलीस म्हणून पुन्हा पुन्हा विचारतायत, आणि तो नुसता पाय आपटत फिरतोय. त्याला कुणी विचारलं होतं का, की बाबा, तुला असं जगाने पाहिलेलं चालेल का? कोर्टाने बंदी घातली तर माझं मन म्हणतं, बरं केलं.

भाऊजी: वहिनी! बंदी त्या म्हाताऱ्यासाठी नव्हती हो. सरकारची लाज झाकायला होती. त्याला नागडं ठेवलं कुणी? कॅमेऱ्याने?

वहिनी: नाही. पण नागडं ठेवणाऱ्यांइतकाच बघणाऱ्यांनाही दोष लागतो. आणि ते नळीचं दृश्य. माणूस जेवत नाही म्हणून नाकातून नळी घालतायत. मी शेकडो राइल्स ट्यूब घातल्यात. टोकाला जेली लावायची, माणसाला बसतं करायचं, गिळा, गिळा म्हणत हळूहळू सरकवायची, आणि पोटात गेली याची खात्री झाल्याशिवाय थेंबही सोडायचा नाही. तिथे तो डॉक्टर उभा, तोंडात सिगरेट, आणि तिची राख लांब होत चाललीय, बरोबर नळीच्या नरसाळ्याच्या वर. माझं लक्ष दुसरीकडे जाईना. पडली का राख, पडली का.

भाऊजी: आणि मध्ये मध्ये त्याच माणसाच्या प्रेताची तयारी. मेल्यावर दाढी किती हळुवारपणे करतात. आता सांगा, हे तुम्ही पाहिलं नसतंत तर बरं झालं असतं?

वहिनी: (थांबून) प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला दाखवा. चौकात नको.

भाऊजी: गंमत म्हणजे कोर्टाने मधल्या काळात अगदी हेच म्हटलं होतं. डॉक्टर, नर्स, वकील, विद्यार्थी यांना दाखवा, बाकीच्यांना नको.

वहिनी: मग शहाणं होतं कोर्ट.

भाऊजी: आणि म्हणून दोन तपं बाकीच्यांना ब्रिजवॉटर पडद्यावर पाहता आलं नाही. तुमच्या अडचणीचं उत्तर कल्पनेतल्या गोष्टींत आहे. खऱ्या रुग्णाचं तोंड दाखवायचं नसेल तर खोटा रुग्ण उभा करावा लागतो. मेरी हॉब्स कुणीच नाही. तिचा खाजगीपणा भंग होत नाही. ‘शटर आयलंड’ घ्या. तोही याच राज्यात, मेडफिल्डच्या बंद रुग्णालयात चित्रित केलेला. १९५४ साल मुद्दाम धरलंय, शस्त्रक्रियावाले आणि गोळ्यावाले एकमेकांसमोर उभे राहिले ते साल.

वहिनी: त्यातला बेन किंग्जलीचा डॉक्टर मला आवडला. माणसाच्या डोक्यात सुरी घालण्याआधी त्याची अख्खी गोष्ट ऐकून घेतो, तिच्यात नाटक करायलाही तयार होतो. असा डॉक्टर रोज ओपीडीत बसला तर दिवसाला एक पेशंट होईल, तो भाग वेगळा. पण सिनेमा म्हणाल तर ‘देवराई’. अतुल कुलकर्णीचं बोटांकडे बघणं, बहिणीची फरफट, गोळ्या, पुन्हा गोळ्या. घर दिसतं त्यात. आजार घरात असतो, भाऊजी, इस्पितळात फक्त मुक्कामाला येतो. नाहीतर ती ‘खामोशी’! वहिदा सुंदर, गाणी सुंदर, आणि नर्सने काय करायचं, तर पेशंट बरा व्हावा म्हणून प्रेमाचं नाटक. एकदा नाही, दोनदा. मेट्रनने निलंबित करायला हवं होतं त्या कर्नलसाहेब डॉक्टरला.

भाऊजी: ‘देवराई’ मलाही आवडतो. पण भीतीचं काय करायचं ते त्यात नाही. लोकांना मनोरुग्णालयाची भीती वाटते. ती खोटी म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती सगळी खोटी नाही. ‘सेशन नाईन’ आला त्याच महिन्यात, चारच दिवस आधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात पहाटे आग लागली. २८ मनोरुग्ण जळून गेले. साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही.

वहिनी: तेव्हा आमच्याकडे किल्ल्या कुणाकडे असतात याची पाहणी झाली होती. आठवडाभर.

भाऊजी: मग सांगा, यावरचा सिनेमा भयपट नाही तर काय असेल?

वहिनी: असू दे भयपट. पण साखळीचा असू दे. साखळी कुणी घातली, किल्ली कुणाच्या कनवटीला होती, महिन्याला किती पैसे घेत होते, त्याचा. सायमनचा नको. साखळी घालणाऱ्यांनीही हेच सांगितलं होतं ना, की यांच्यात काहीतरी शिरलंय? तुमचा सिनेमा अडीच पावलं बरोबर चालतो आणि मग त्यांच्याच देवळात जाऊन बसतो.

यावर भावाकडे उत्तर नव्हतं. निदान त्या क्षणी नव्हतं. मला मात्र वाटतं तिने सिनेमाच्या गॉर्डनवाल्या बाजूवर थोडा अन्याय केला. भूत आहे की नाही याचा निकाल सिनेमा शेवटपर्यंत लावत नाही, आणि लावला नाही म्हणूनच टेंडर, झोप, फुटलेला फोन या गोष्टी भुताखाली दबून जात नाहीत. याच दिग्दर्शकाने २०१४ मध्ये ‘स्टोनहर्स्ट असायलम’ केला. एडगर अॅलन पो याच्या कथेवरचा, मोठमोठे नट, सुंदर कपडे. त्यात सगळ्या गोष्टींचा निकाल लागतो आणि तो डोक्यात राहत नाही.

भाऊजी: त्या दफनभूमीबद्दल बोलत होतात तुम्ही, नंबरांच्या. सिनेमात गॉर्डन तिथे जाऊन बसतो. ती खरी आहे. रुग्णालयात मेलेली, कुणी न्यायला न आलेली माणसं तिथे पुरली, वर आकडा. इमारतीचा मोठा भाग २००६ मध्ये पाडला आणि तिथे फ्लॅट झाले. समोरची भिंत तेवढी राखलीय. दफनभूमी आहे अजून. आणि आता बऱ्याच थडग्यांना नावं आहेत.

वहिनी: सरकारने लावली?

भाऊजी: नाही. पूर्वी तिथे रुग्ण म्हणून राहिलेल्या लोकांनीच समिती केली, झाडोरा साफ केला, नोंदी धुंडाळल्या, नावं लावून घेतली.

वहिनी: मग यावर करा सिनेमा. दहा-बारा माणसं, सगळ्यांनी इस्पितळ भोगलेलं, हातात जुनं रजिस्टर, बोट फिरवत आकडा शोधतायत. सापडला की नाव मोठ्याने वाचायचं. तुम्हाला आवाजच पाहिजे ना? हा घ्या आवाज.

भाऊजी: आणि कचेरीतला कारकून म्हणेल, ही माहिती गोपनीय आहे. मग काय कराल? मघाशी तर तुम्ही कोर्टाच्या बाजूने होतात.

वहिनी: माझी गल्लत करू नका. नाव ज्याचं त्याचं असतं, ते सरकारला झाकून ठेवता येणार नाही. आजार त्याचा खाजगी. नाव द्या, केस पेपर देऊ नका.

भाऊजी: म्हणजे मेरी हॉब्सचं थडगं दाखवायचं आणि टेपा जाळायच्या.

वहिनी: जाळायच्या कशाला? मेडिकल रेकॉर्डला परत जमा करायच्या. पोच घ्यायची.

भाऊजी: आणि नववी?

वहिनी: तीही.

भाऊजी: ऐकल्याशिवाय?

वहिनी: आता आठ ऐकल्याच आहेत म्हटल्यावर... तुम्ही आधी तो चहा संपवा, गार झाला.